‘डिड’नंतर ‘वेंट’ येत नाही

प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गात नियम माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. “डिडनंतर क्रियापदाचं कितवं रूप?” असं विचारा, अख्खा वर्ग एका सुरात गर्जतो, “पहिलं!” मग इंग्रजीत विचारा, काल का आला नाहीत? पुढच्याच श्वासात उत्तर येतं, “मॅडम, आय डिड नॉट केम, बिकॉज बस डिड नॉट केम.” नियम डोक्यात असतो, वाक्य जिभेवर असतं आणि या दोन सख्ख्या भावांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं. त्यांच्यात समेट घडवायचे मी पैसे घेते.

यात शिकणाऱ्याचा दोष फारसा नाही. ‘मी आलो नाही’ म्हणताना भूतकाळ ‘आलो’मध्ये असतो आणि ‘नाही’ आपलं मुकाट्याने मागे उभं राहतं. ‘मी आलो नव्हतो’ म्हटलं तर भूतकाळ ‘आलो’तही आणि ‘नव्हतो’तही. भूतकाळ दोन्हीकडे लावायची ही आपली घरचीच रीत. त्यामुळे ‘डिड नॉट केम’ त्याला चुकीचं वाटत नाही, उलट जास्त पक्कं वाटतं. त्यात राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्यांची इंग्रजीशी गाठ पडली ती पाचवीत, तीही गो-वेंट-गॉन घोकत. ‘गेला’ म्हणजे ‘वेंट’ हे तेव्हा जे बसलं ते बसलं. वाक्यात आधी कोण येऊन बसलंय हे बघायची ‘वेंट’ला सवयच नाही.

म्हणून मी रूपांचा तक्ता आधी देतच नाही. सुरुवात प्रश्नाने. गो, कम, ईट, टेक, बाय एवढी पाचच क्रियापदं. जोड्या लावायच्या, वह्या बंद करायच्या. एकाने विचारायचं, दुसऱ्याने आधी नाकारायचं आणि मग खरं काय ते सांगायचं. “डिड यू गो टू दादर?” “नो, आय डिड नॉट गो टू दादर. आय वेंट टू परळ.” ‘वेंट’ला प्रवेश सगळ्यात शेवटी, तोही एकट्याने. वही उघडी राहिली तर वाक्यं धडाधड बरोबर येतात, पण तेव्हा माणूस वाचत असतो, बोलत नसतो. चूक झाली की बरोबर उत्तर मी सांगत नाही. “यू डिड नॉट…” इथपर्यंत म्हणते आणि भुवया वर करून थांबते. त्याने स्वतः दुरुस्त केलेलं वाक्य टिकतं. मी दुरुस्त केलेलं जिन्यापर्यंत टिकतं.

पथ्य एकच, एका तासात एकाच जातीची चूक धरायची. सगळ्या धरल्या तर पन्नाशीचा माणूस गप्प होतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी पाहुणे येतात. त्यामुळे ‘डिड’च्या दिवशी “माय वाइफ, ही इज टीचर” कानावर आलं तरी मी बाटली उघडून पाणी पिते.

“समजलं का?” हा तर वर्गातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. उत्तर कायम “हो”, कारण मराठी माणसाला चारचौघांत “नाही” म्हणणं जड जातं. ‘ही हॅज गॉन टू नाशिक’ आणि ‘ही हॅज बीन टू नाशिक’ यांतला फरक कळलाय की नाही हे बघायचं असेल, तर विचारावं, “यांतला कोण आत्ता आपल्यासोबत चहाला येऊ शकेल?” निम्मा वर्ग अजून नाशिकलाच असलेल्या गॉनवाल्यासाठीही कप मांडतो. मग कळतं कुणाला काय समजलंय ते.

खरी लढाई मात्र केस कापण्यावरून होते. आपण बिनदिक्कत म्हणतो, “मी केस कापले.” कापणारा दुसराच असतो, पण त्याचा उल्लेख करायची मराठीत गरज पडत नाही. “आम्ही घर बांधलं” म्हणणाऱ्या माणसाने विटेला हातही लावलेला नसतो. तेच इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की ऐकणारा हातातली कात्री शोधतो. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर आधी हॅव, मग वस्तू, मग तिसरं रूप. ‘आय हॅड माय हेअर कट.’ फळ्यावर एवढं लिहिलं की बंड होतं. “मॅडम, हॅवनंतर लगेच तिसरं रूप असतं असं तुम्हीच सांगितलंत! मग मध्ये हेअर कुठून आले?” शंका रास्त आहे. हेअर मागे टाकून ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हटलं की कात्री परत आपल्या हातात. त्यातून कट-कट-कट तिन्ही रूपांत सारखंच, त्यामुळे तिसरं कुठलं हे ओळखूच येत नाही. म्हणून या धड्याला कट घ्यायचं नाही. रिपेअर घ्यायचं, शेवटी ‘एड’ तरी दिसतो. ‘आय हॅड माय स्कूटर रिपेअर्ड.’ मग स्टिच. ‘आय हॅड माय ब्लाउज स्टिच्ड.’ ब्लाउज आला की बायकांची बाजू लगेच सावरते, कारण तो आपण शिवत नाही, शिंपी शिवतो आणि वेळेवर देत नाही, हा अनुभव सगळ्यांचा. केस सर्वांत शेवटी.

‘शी’, ‘वर’, ‘ला’ यांचं भाषांतर करून ‘मॅरीड विथ’, ‘अँग्री ऑन’ होतं. त्यावर तोडगा म्हणजे ‘टू’ सुटा शिकवायचाच नाही, ‘मॅरीड टू’ हा एकच शब्द समजायचा. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागतच नाही, पण ‘डिस्कस अबाउट’वर मी वेळ घालवत नाही. तो साहेबांच्या केबिनपर्यंत पोचलेला आहे.

शब्दसंग्रहात कधी इंग्रजी कंजूष, कधी आपण. साडी नेसायची, सदरा घालायचा, फेटा बांधायचा, चष्मा लावायचा. इंग्रजीत सगळ्याला वेअर. वर्ग खूश. लगेच स्वयंपाकघरात गेलं की हिशेब उलटतो. आपण शेंगदाणे भाजतो, पाव भाजतो, नानकटाईही भाजतो. इंग्रजीत रोस्ट, टोस्ट, बेक. वर्ग नाराज. त्यातल्या त्यात दूध उकळा नाही तर अंडी उकडा, बॉइल एकच, एवढीच भरपाई. पाचापेक्षा जास्त नवे शब्द एका दिवसात देऊ नयेत. दुसऱ्या दिवशी तेच विचारावेत, आठवड्याने परत, आणि प्रत्येक वेळी वाक्यात. यादी पाठ करणाऱ्याला यादीतला क्रम पाठ होतो. मधला शब्द विचारला की तो पहिल्यापासून पुटपुटायला लागतो.

दुखण्याचे शब्द मात्र डॉक्टरकडे जायच्या आधी यावेत. ठणका म्हणजे थ्रॉबिंग, आग होणं म्हणजे बर्निंग, मुरडा म्हणजे क्रॅम्प्स, चमक म्हणजे शूटिंग पेन. शूटिंगला वर्ग हसतो, आणि म्हणूनच तेवढं एक कुणी विसरत नाही.

तास संपला की दारात कुणीतरी थांबतं, “मॅडम, आय कम,” म्हणतं आणि सरळ घरी जातं. निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे संस्कार इतके खोल की मी तिथे हात घालत नाही. फक्त परगावच्या मुलाखतीला जाणाऱ्याला बजावते, तिथून निघताना ‘आय कम’ म्हणालात तर ते लोक खुर्ची मांडून वाट बघत बसतील.

वर्गातल्या सगळ्यात मेहनती विद्यार्थिनी म्हणजे मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या काकू. त्यांना काळांशी देणंघेणं नाही, इमिग्रेशनच्या खिडकीपुरती वाक्यं हवीत. पर्पज, हाऊ लाँग, व्हेअर विल यू स्टे, या तीन प्रश्नांची उत्तरं पूर्ण वाक्यात न देता सुटी द्यायची. “टू सी माय डॉटर.” “फाइव्ह मंथ्स.” “विथ माय डॉटर.” पूर्ण वाक्य करायला गेलं की त्यात क्रियापद येतं, आणि क्रियापद आलं की ‘डिड’ येतो. हे सगळं चोख होतं. घोळ चौथ्या प्रश्नाला. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि बाळ सांभाळणं हेही काम धरलं जाऊ शकतं, त्यामुळे बाळाला कोण सांभाळणार, असंही कुणी विचारू शकतं. म्हणून लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक ॲट म्हणजे नुसतं बघणं, हा फरक मी दोनदा घोटवून घेते. काकू डोळे मिटून घोकतात आणि मला अधिकारी समजून ठणकावून सांगतात, “डॉटर विल लुक ॲट द बेबी. आय विल लुक आफ्टर द डॉटर. जावई विल लुक आफ्टर द ऑफिस.”