एक बॅग, पाच मापे

विमानात हाती न्यायच्या बॅगेचे माप प्रत्येक कंपनीने आपल्या मर्जीने ठरवावे, की सरकारने एक किमान माप सर्वांवर बंधनकारक करावे, या प्रश्नावर जळगावच्या काव्यरत्नावली चौकातील आमच्या कट्ट्यावर परवा रात्री उशिरापर्यंत वाद झाला. निमित्त आप्पांच्या भाच्याचे होते. तो जर्मनीत नोकरीला आहे, आणि मुंबईहून निघताना ज्या बॅगेला कोणीही हटकले नाही, त्याच बॅगेसाठी युरोपातील पुढच्या, वेगळ्या तिकिटाच्या प्रवासात विमानात चढताना त्याच्याकडून जादा पैसे घेण्यात आले.

आप्पा भुसावळला रेल्वेच्या पार्सल कार्यालयातून निवृत्त झालेले असल्याने सामानाचे नियम त्यांना तोंडपाठ आहेत. ते म्हणाले, "वातानुकूलित तृतीय श्रेणीच्या डब्यात न्यायच्या ट्रंकेचे कमाल माप ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटर असे रेल्वेच्या नियमांत लिहिलेले आहे, आणि ते भुसावळला जेवढे आहे तेवढेच हावड्याला आहे. अंमलबजावणी ढिली असेल, पण माप एकच आहे. विमानाच्या प्रवाशाला हे का मिळू नये?"

तिकिटांची एजन्सी चालवणाऱ्या दादांना हे मान्य नव्हते. "आप्पा, रेल्वेचा मालक एक आहे, विमानांचे मालक अनेक आहेत. शिवाय आपल्या जळगावहून उडणारे एटीआर हे छोटे विमान सत्तरेक आसनांचे. त्यातले डोक्यावरचे कप्पे एअरबस ए३२० च्या कप्प्यांपेक्षा लहान असतात. एकच माप ठरवायचे म्हटले, तर सर्वांत लहान विमानाचे माप सगळ्यांच्या माथी बसेल." हा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही, असे मला तेव्हाही वाटले.

परंतु नानांनी जो हिशेब मांडला, त्याने चर्चेचा रोखच बदलला. नानांचे बॅगांचे दुकान आहे आणि सगळीकडे चालेल अशी बॅग द्या, ही मागणी त्यांच्याकडे सतत येते; म्हणून त्यांनी कंपन्यांनी जाहीर केलेली मापे एका वहीत उतरवून ठेवली आहेत. इंडिगो ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरची बॅग चालवते, एमिरेट्स ५५ × ३८ × २२, कतार एअरवेज ५० × ३७ × २५, लुफ्तान्सा ५५ × ४० × २३ आणि ब्रिटिश एअरवेज ५६ × ४५ × २५. वजनाची मर्यादा पहिल्या तिघांकडे ७ किलो, लुफ्तान्साकडे ८ आणि ब्रिटिश एअरवेजकडे तब्बल २३ किलो. आता यातील एमिरेट्स आणि कतार यांची मापे गुणून पाहिली, तर दोन्ही बॅगा जवळपास ४६ लिटरच्याच भरतात, म्हणजे आत मावणारे सामान सारखेच. तरीही एकीच्या मापाची बॅग दुसरीच्या चौकटीत बसत नाही. कतारच्या मापाच्या बॅगेच्या तिन्ही बाजूंची बेरीज ११२ सेंटिमीटर आणि इंडिगोची ११५, पण रुंदीला २ सेंटिमीटर जास्त असल्यामुळे ती लहान बॅग इंडिगोच्या नियमात बसत नाही, आणि इंडिगोच्या मापाची बॅग जाडीमुळे लुफ्तान्साला चालत नाही. या पाचही कंपन्यांना चालेल अशी बॅग हवी असेल, तर ती ५० × ३५ × २२ ची, म्हणजे साडेअडतीस लिटरची घ्यावी लागते. जळगावहून मुंबई, तिथून आखात आणि पुढे युरोप असा प्रवास करणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे सोडून द्यावे लागते, ते असे. जागा वाचवण्यासाठी हे चालले असते तर निदान घनफळात फरक दिसला असता. एमिरेट्स आणि कतार यांच्यात फरक केवळ आकाराचा आहे, आणि त्याचे समर्थन मला कुठेही सापडत नाही.

दादांनी यावर २०१५ ची आठवण दिली. त्या वर्षी जूनमध्ये आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ५५ × ३५ × २० चे माप सुचवले होते, आणि घरातल्या चांगल्या बॅगा बाद होतील या भीतीने, विशेषतः अमेरिकेत, एवढी ओरड झाली की काही दिवसांतच तो प्रस्ताव बाजूला ठेवावा लागला. गुणाकार केला तर तेही साडेअडतीस लिटरच! माझे म्हणणे असे की लोक बिथरले ते त्यांना ते माप कमाल वाटले म्हणून. तेच माप किमान म्हणून ठरवले, म्हणजे एवढी बॅग कोणतीही कंपनी नाकारणार नाही आणि तिच्यासाठी वेगळे पैसे घेणार नाही, यापेक्षा मोठी चालवायची तर खुशाल चालवावी, तर कोणाचीच बॅग बाद होत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्येच असे म्हटले आहे की वजन आणि आकार वाजवी असतील व सुरक्षेचे नियम पाळले असतील, तर हातातल्या सामानाला वेगळा दर लावता येत नाही. अडचण एवढीच की वाजवी म्हणजे किती सेंटिमीटर, हे तिथे आकड्यात सांगितलेले नाही, आणि त्या पोकळीतच रायनएअरसारख्या स्वस्त तिकिटांच्या विमान कंपन्यांची ४० × ३० × २० ची मोफत बॅग बसते.

दादा म्हणाले की ज्याच्याजवळ सामान कमी आहे त्याने इतरांच्या सामानाचा खर्च का सोसावा. आपल्याकडेही २०२१ पासून नुसते हातसामान घेऊन जाणाऱ्याला स्वस्त तिकीट देण्याची मुभा डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, दिली आहे. हे योग्यच आहे. मात्र अशा तिकिटावर हातातली बॅग हेच प्रवाशाचे सारे सामान असते, म्हणून तर तिचे माप पक्के हवे.

आप्पांनी मग मोजणीचाच प्रश्न काढला. सराफ बाजारातील तराजूला वैधमापन खात्याची मुद्रा लागते, तशीच विमानतळावर बॅग घालून माप पाहायच्या त्या लोखंडी चौकटीलाही लागली पाहिजे, कारण तिच्या आधारे पैसे आकारले जातात. नानांनी त्यात आपल्या धंद्याची बाजू जोडली: पुष्कळ बॅगांवर नुसते २० इंच असे लिहिलेले असते आणि त्यात चाके व मूठ धरलेली नसतात, तर कंपन्या मात्र चाकांसकट मोजतात, तेव्हा बॅगेवरच्या चिठ्ठीवर बाहेरून बाहेर माप छापण्याची सक्ती करावी.

राहिला एटीआरचा मुद्दा. किमान मापाची बॅग कप्प्यात मावत नसेल, तर ती शिडीपाशी घेऊन विमानाच्या पोटात ठेवावी आणि उतरल्यावर तिथेच परत द्यावी, एक रुपयाही न घेता. अनेक ठिकाणी असे होतेही. ते कर्मचाऱ्याच्या मर्जीवर न राहता नियमात यावे, यावर दादाही राजी झाले. सरकारने मापात हात घालावा, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत मान्य केले नाही.