स्ट्रिप डुप्लिकेट नाही सर, पण बॅटरी पॅक देण्यात चूक माझीच झाली

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एफटीसी या शाळकरी पोरांच्या रोबोट स्पर्धेत इन्स्पेक्शनला माझ्या दुकानातला बॅटरी पॅक काढायला लावला, मग एलईडी लाईटची स्ट्रिप रोबोटच्या हबला (कंट्रोलरच्या डबीला) जोडली तर मॅचमध्ये लुकलुकून बंद पडली, माल डुप्लिकेट आहे आणि दुकानदाराला काही कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पोरांची महिनाभराची मेहनत होती, वाईट वाटलं.

पॅकचं आधी सांगतो, ती चूक माझी. एफटीसीत मेन बॅटरी एकच, 12 व्होल्टची निकेल मेटल हायड्राईड, आणि मी तुम्हाला 18650 सेल (लिथियम-आयनचे) जोडून केलेला पॅक दिला, कुठल्या स्पर्धेला पाहिजे हे विचारलंच नाही. तो बाद होणारच होता. त्याचे 350 रुपये परत घेऊन जा, बिल नसलं तरी चालेल.

पण स्ट्रिप डुप्लिकेट नाही, हे मी ठामपणे सांगतो. ती डब्ल्यूएस2812बी आहे, 5 व्होल्टची, एका मीटरला 60 एलईडी. पांढरा लावला की लाल हिरवा निळा तिन्ही एकदम पेटतात, म्हणजे एका एलईडीला साधारण 60 मिलीअँपिअर, मीटरभरातल्या 60 चे मिळून 3.6 अँपिअर झाले, आणि हबचा 5 व्होल्टचा पोर्ट 2 अँपिअरचा, मग तो कसा झेपणार? तुमच्या फोटोत बघा, वायरजवळचे एलईडी पांढरे आहेत आणि शेवटचे पिवळट-लालसर पडलेत, व्होल्टेज खाली आलं की असंच होतं, माल खराब असता तर मधलाच एखादा मेला असता आणि पुढचे बंद पडले असते.

आता करायचं काय, तर प्रोग्राममध्ये ब्राईटनेस 255 वरनं (म्हणजे पूर्ण) 80 वर आणा, पूर्ण पांढऱ्यालासुद्धा सव्वा अँपिअरच्या आतच भागतं. नाहीतर नुसता लाल किंवा निळा ठेवा, नाहीतर तांब्याच्या खुणेवर मधोमध कापून 30 च एलईडी वापरा, फक्त बाणाची दिशा सांभाळा, उलटी जोडली तर पेटणारच नाही. आणि पुढच्या सीझनला स्पर्धेचं मॅन्युअल नवीन येईल तेव्हा लाईटचा नियम परत वाचा, दरवर्षी बदलतं ते.

रविवारी विश्रामबागच्या दुकानात रोबोट घेऊन पोरांना पाठवा सर, मीटर लावून करंट त्यांच्यासमोरच मोजू, सोल्डरिंग मी स्वतः करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.