लेव्हल चढली, स्मरणशक्तीचं काय?
ड्युअल एन-बॅक हा स्मरणशक्तीचा खेळ: एकेक अक्षर ऐकू येतं, एकेक चौकोन दिसतो, आणि ते ठराविक पावलं आधीच्याशी जुळतं का ते ओळखायचं; लेव्हल म्हणजे तितकी पावलं मागे. त्यात लेव्हल चढली की स्मरणशक्ती वाढलीच, हे लेखातलं विधान पटलं नाही. मीही हा खेळ खेळते. तीनवर बरेच दिवस अडकले होते. मग अक्षरं तीन-तीनच्या गटात मनात पुटपुटायची आणि चौकोनांचा माग नुसत्या नजरेने ठेवायचा, हे जमलं आणि चारवर गेले. वाण्याची यादी मात्र अजून कागदावरच लागते!

एरिक्सन, चेस आणि फॅलून या संशोधकांचा १९८० सालचा आकडे लक्षात ठेवण्याच्या सरावाचा प्रयोग लेखात यायलाच हवा होता. त्यातला विद्यार्थी धावपटू. ऐकलेले आकडे शर्यतीच्या वेळा समजून लक्षात ठेवत तो ७ वरून ७९ आकड्यांवर पोचला. त्यालाच अक्षरं दिली, तर गाडी पुन्हा सहाच्या आसपास!