घास अडकल्यावर हात वर करा? खुलासा

‘घशात घास अडकला की दोन्ही हात डोक्यावर ताठ वर करा, घास आपोआप उतरतो’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो. कृपया त्यावर विसंबू नका. श्वासनलिका पूर्ण बंद झाली असेल तर हात वर करून ती मोकळी होत नाही, आणि प्राणवायूविना मेंदूला काही मिनिटांतच इजा होऊ लागते.

मग अनेकांना गुण आल्यासारखा का वाटतो? ठसका लागलेला माणूस खोकत असतो, बोलू शकतो. घास निघतो तो खोकल्याने, श्रेय मात्र हातांना जाते. अशा माणसाला खोकू द्या, पाणी पाजू नका.

खोकला, आवाज, श्वास तिन्ही थांबले तर मात्र एक क्षणही दवडू नका. कुणाला तरी 108 वर फोन करायला सांगा. माणसाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने 5 जोरदार थापा मारा. तरी घास निघाला नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या जरा वर मूठ ठेवा आणि आत व वरच्या दिशेने 5 झटके द्या. हे आलटूनपालटून करत राहा. गरोदर बाईला झटके छातीच्या मधोमध द्यावेत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर झटके कधीच नकोत. डोके खाली ठेवून पाठीवर थापा, मग उताणे करून छातीवर दाब. घास दिसत नसेल तर तोंडात बोट घालू नका, तो आणखी आत सरकतो.

शुद्ध हरपली की लगेच सीपीआर, म्हणजे छातीच्या मधोमध हातांनी लयीत दाब देणे: मोठ्या माणसाला मिनिटाला 100 ते 120 दाब, किमान 5 सेंटिमीटर खोल.