कुणी पुन्हा वाचायला लागलं तर काय करावं

तुमच्या माहितीतल्या एखाद्या बाईने तीन-चार वर्षांत एकही पुस्तक पुरं केलेलं नाही आणि आता अचानक ती लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत, गॅसपुढे उभी राहून जाडजूड पुस्तक वाचताना दिसते आहे का? (पुरुष असला तरी चालेल, पण बाई असली की मजा जास्त.) दुर्लक्ष करू नका. असलं प्रकरण वेळीच आवरलं नाही तर वाढतं. आज एक संपवलं, उद्या दुसरं मागवेल, परवा तुमचे गुड मॉर्निंग न उघडता पडून राहतील. खाली काही खात्रीचे उपाय देते. सगळे माझ्यावर वापरून झाले आहेत, गेल्या रविवारी, आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर, चहा येईपर्यंतच्या पाऊण तासात.

सुरुवात सोपी आहे. पुस्तकाचं नाव विचारा आणि उत्तर यायच्या आत भुवया वर न्या.

मग पुस्तक हातात मागून घ्या. चष्मा कपाळावर सरकवून, बाजारात बांगडा बघावा तसं उलटंपालटं करून बघा. ‘ड्रॅगन?’ एवढंच म्हणा. मध्ये जरा थांबा, बाकीच्यांना हसायला वेळ मिळतो. नंतर सांगा, ‘अहो, आमचा नातू वाचतो असलं.’ (नातू काहीही वाचत नाही. आमच्याच मजल्यावर राहतो, मला माहीत आहे.)

इतके दिवस ती का वाचत नव्हती, हे मात्र चुकूनही विचारू नका. विचारलंत तर ती सांगेल. चार वर्षांचे दिवाळी अंक कपाटावर तसेच पडलेत म्हणेल. उशाशी चार नावाजलेली पुस्तकं, चारही पान तिसाच्या आसपास अडकलेली. एकात खूण म्हणून लाइटबिल, एकात गोळ्यांची रिकामी पट्टी, एकात सासूबाईंच्या एक्स-रेची पावती. चौथ्यात खूणच नाही, कारण तिथवर पोचल्याचंही आठवत नाही. एकच परिच्छेद पाचदा वाचायचा आणि सहाव्यांदा मोबाइल उचलायचा. अक्षरं दिसतात, आत काही जात नाही. रीडर्स ब्लॉक म्हणतात म्हणे त्याला. लहानपणी भेळेचा कागदसुद्धा वाचून टाकणाऱ्या बाईला हे झालं की ती कुणाला सांगत नाही, लाज वाटते. हे सगळं ऐकलंत तर तुम्हाला तिची कीव येईल आणि पुढचा बेत फसेल. म्हणून विचारू नका.

गोष्ट विचारायला हरकत नाही, फक्त ऐकायची नाही. मी सांगायला घेतली होती. ‘फोर्थ विंग’, रिबेका यारोस, २०२३. भाचीने हातात कोंबलं, ‘मावशी, तीस पानं वाच, नाही आवडलं तर परत दे,’ म्हणाली. व्हायोलेट नावाची वीस वर्षांची मुलगी. ग्रंथ आणि दप्तरं सांभाळणाऱ्या लेखनिकांत जायचं म्हणून तयार झालेली. आई सैन्यात जनरल, ती हुकूम सोडते की ड्रॅगनस्वारांच्या शाखेत जायचं. आत शिरायलाच एक अरुंद दगडी पूल ओलांडायचा असतो, पडला तो मेला. मुलीचे सांधे असे की जरा धक्का बसला की निखळतात. ती त्या पुलावर भीती घालवायला इतिहास-भूगोल घोकत जाते, आपण रात्री दिवे गेल्यावर रामरक्षा म्हणत जिना चढतो तशी. ती पलीकडे पोचली तेव्हा आमच्या कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या होत्या, हे मला मुलाने नंतर सांगितलं. डाळीचं पिठलं झालं. पाचशेच्या आसपास पानं, तीन दिवसांत संपली. चार वर्षांनी पहिल्यांदा.

यातलं मी पुलाच्या मध्यापर्यंत सांगितलं होतं. तेवढ्यात एक काका म्हणाले, ‘वडे किती सांगितलेत?’ ही वेळ साधणं महत्त्वाचं. मुलगी पुलावर असतानाच वड्यांचं विचारायचं.

‘मराठीत काय कमी पुस्तकं आहेत का?’ हा प्रश्नही हाताशी ठेवा. उत्तराची गरज नसते.

आता मुख्य उपाय. पुस्तकात प्रेमप्रकरण आहे असं नुसतं कानावर आलं तरी पुरे. एकमेकांचे वैरी असलेले दोघं आहेत, त्याच्या बापाला तिच्या आईने देहदंड दिलाय आणि तरी व्हायचं ते होतं, एवढं कळलं की मान हलवून म्हणा, ‘वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ हे वाक्य पाठ करून ठेवा. कारण नसताना समोरच्या बाईला अपराधी वाटायला लावण्यात याचा हात धरणारं दुसरं वाक्य नाही. मला वाटलं की हो! बेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलांची आई, मी पुस्तक पिशवीत घातलं आणि वर डबा ठेवला.

आणि अपेक्षा नव्हती म्हणणारे कोण? जे दर दुसऱ्या बैठकीला डोळ्यांत पाणी आणून सांगतात की शाळेत भूगोलाच्या पुस्तकात लपवून अर्नाळकरांचा झुंजार कसा वाचला, वडिलांनी कसा मार दिला! बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, कित्येकांना वाचायची सवय त्यांनीच लावली, मलाही ते कबूल आहे. पण तुमचा झुंजार म्हणजे हळवी आठवण आणि माझा ड्रॅगन म्हणजे बुद्धीचा ऱ्हास, हे कुठलं माप? ‘चांदोबा’तला वेताळ प्रेतात शिरून गोष्टी सांगतो, ते चालतं. या पुस्तकातला ड्रॅगन मुलीच्या डोक्यात शिरून तिला चार खोचक शब्द सुनावतो, ते पोरकट. आणि मराठी, मराठी काय करता? १८६१ साली ‘मुक्तामाला’ आली, मागून ‘मंजुघोषा’ आली. मराठी कादंबरी सुरुवातीला वाढली ती बरीचशी अद्भुत आणि शृंगार यांचा हात धरूनच. पण ते सांगायला चार पानं उघडावी लागतात, आणि कट्ट्यावर पुस्तक उघडायची पद्धत नाही, फक्त मांडायची आहे.

बरं, प्रेम सोडा. लेखिकेला स्वतःला एलर्स-डॅनलॉस नावाचा विकार आहे, शरीराला धरून ठेवणारे धागेच ढिले असतात. तो तिने व्हायोलेटला दिला. मुलीला ड्रॅगनच्या पाठीवर टिकता येत नाही, तर तिच्यासाठी खोगीर तयार होतं. तू आपली खाली बस, असं तो काळाकभिन्न खडूस ड्रॅगन म्हणत नाही. वर्षभर खांदा आखडल्यामुळे वरच्या फळीवरचा डबा मुलाला काढायला सांगणाऱ्या मला तिथे काय झालं, ते मी काकांना कशाला सांगू? त्यांना वडे मोजायचे होते.

यादीचा उपाय राहिलाच. घरी पोचेस्तोवर ग्रुपवर ‘आयुष्यात एकदा तरी वाचावीत अशी १०० पुस्तके’ टाका. नाव घेऊ नका, वरती हात जोडलेले दोन इमोजी. आपण त्यातली किती वाचली हे कुणी विचारत नाही.

आता पुरे झाले उपाय.

मला पुस्तकाचे दोष दिसत नाहीत असं वाटतं का तुम्हाला? भाषा काही थोर नाही. त्या अद्भुत देशातली पोरं आजच्या अमेरिकी कॉलेजातल्यासारखी बोलतात. नायकाच्या दंडांचं वर्णन निम्म्यावर आणलं असतं तरी गोष्टीचं काही बिघडलं नसतं. याच मालिकेचा तिसरा भाग जानेवारी २०२५ मध्ये आला आणि पहिल्या आठवड्यात २७ लाखांवर प्रती गेल्या, म्हणून पुस्तक थोर ठरतं असंही मी म्हणत नाही. पण चार वर्षं मी याच कट्ट्यावर दर महिन्याला सतरंजी घातली, वड्यांची ऑर्डर दिली आणि कोपऱ्यात गप्प बसले. तेव्हा कुणी एकाने तरी विचारलं का, की वहिनी, हल्ली तुम्ही पुस्तकाबद्दल काही बोलत नाही? वाचनसंस्कृती खालावत चालल्याची भाषणं माझ्या डोक्यावरून ऐकत होतात, समोर बसलेल्या बाईचं वाचन थांबलंय ते दिसलं नाही. दिसलं कधी? ती पुन्हा वाचायला लागल्यावर. हसायला. लाज वाटायला हवी होती ती मला नाही, काका.

लाइटबिलाची खूण परवा पान १४० वर गेली. ते पुस्तक तुमच्या यादीत आहे, म्हणून सांगत नाही. आणि ते तिसाव्या पानावरच राहिलं असतं तरी तुम्हाला विचारायचा हक्क नव्हता.

पुढच्या बैठकीला मी येणार आहे, ‘आयर्न फ्लेम’ हा दुसरा भाग घेऊन, मुखपृष्ठ वर करून. वडे तेवढे दुसऱ्या कुणाला तरी सांगा.