गणेशखिंडीतलं जेवण आणि खोट्या दाढ्या

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. चर्चिलला फ्रीमेसन (गुप्त विधींसाठी प्रसिद्ध असलेल्या एका जुन्या बंधुमंडळाचा सभासद) केलं ते पुण्यात, पुढे तो तेहतिसाव्या डिग्रीचा, म्हणजे पायरीचा, मेसन झाला, दोन बोटांचा 'व्ही' हा मेसनांचा संकेत आणि पंतप्रधानपदही त्यांच्याच कृपेने मिळालं. सोबत 'गुप्त विधी'चा फोटो.

चर्चिल मेसन होता, एवढं खरं. बाकीचा मसाला.

पुण्याशी त्याचा संबंध बादरायण म्हणावा इतपतच. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो 'फोर्थ हुसार्स' या घोडदळाबरोबर मुंबईत उतरला. बंगळूरला जाताना वाटेत पुण्यात तंबू ठोकले होते आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने त्याला जेवायला बोलावलं. गव्हर्नरचा पुण्यातला बंगला म्हणजे गणेशखिंडीतली आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. तिथे जेवला, दीक्षा घेतली नाही. ती घेतली २४ मे १९०१ रोजी, लंडनच्या स्टडहोम लॉजमध्ये (लॉज म्हणजे मेसनांची शाखा). तेव्हा तो ओल्डहॅमचा खासदारही झाला होता.

तेहतिसावी डिग्री? साध्या लॉजमध्ये डिग्र्या तीनच. तिसरी, म्हणजे 'मास्टर मेसन', त्याला मार्च १९०२ मध्ये मिळाली. तेहतीस डिग्र्यांची शिडी हा वेगळाच पंथ. आणि १९१२ मध्ये त्याने लॉजचा राजीनामाच दिला.

पंतप्रधान झाला १९४० मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. महायुद्धात नॉर्वेत ब्रिटनची नामुष्की झाली होती आणि तेव्हाचा पंतप्रधान चेंबरलेन याच्या हाताखाली काम करायला मजूर पक्ष तयार नव्हता. गंमत अशी, की राजा सहावा जॉर्ज स्वतः मेसन होता आणि त्याला चर्चिल नको होता, हॅलिफॅक्स हवा होता. हा हॅलिफॅक्स म्हणजे गांधी-आयर्विन करारातला आपला आयर्विन! मेसनांनी कारस्थान केलंच असेल, तर राजाला सांगायचं विसरले म्हणायचे.

'व्ही'चं श्रेय बीबीसीवरच्या व्हिक्टर द लाव्हले या बेल्जियन माणसाचं. फ्रेंचमधला 'विजय' आणि फ्लेमिशमधलं 'स्वातंत्र्य' हे दोन्ही शब्द त्याच अक्षराने सुरू होतात, म्हणून जानेवारी १९४१ मध्ये त्याने ते सुचवलं. चर्चिलने उचललं नंतर.

ग्रुपवरचे एक काका म्हणाले, "अहो, पण माणूस वाईटच होता ना?" काका, बंगालच्या दुष्काळात धान्यासाठी जहाजं मागितली गेली आणि त्याच्या युद्धमंत्रिमंडळाने ती वारंवार नाकारली. हे सरकारी कागदांत उघड लिहिलेलं आहे. उघड्या पापाला गुप्त मंडळाचा आडोसा आपणच का द्यायचा?

राहिला फोटो. तो १५ ऑगस्ट १९०८चा, ब्लेनहाइम राजवाड्याच्या आवारातला. पांढरे झगे घातलेली मंडळी मेसन नाहीत, 'एन्शंट ऑर्डर ऑफ ड्रुइड्स' या प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव घेतलेल्या वेगळ्याच मंडळाच्या अल्बियन लॉजची आहेत. दोन्हीकडे शब्द 'लॉज', तिथेच घोटाळा झालेला दिसतो. जरा झूम करून बघा. सुटाबुटातल्या चर्चिलच्या भोवती त्या लांब पांढऱ्या दाढ्या दिसतात ना, त्या भरत नाट्य मंदिराच्या रंगपटात शोभाव्यात अशा चिकटवलेल्या आहेत.