भूकंप, वीजखंड आणि ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या नुकसानीचा आकडा : खुलासा

"भूकंपाने वीज गेली, तर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचे रोजचे नुकसान म्हणजे सर्व कारखान्यांची वार्षिक उलाढाल भागिले 365," असा हिशेब मांडणारा संदेश उद्योजकांमध्ये फिरत आहे. हा हिशेब चुकीचा आहे.

उलाढालीत कच्च्या मालाची किंमतही येते आणि न वापरलेला माल बहुतेक वेळा गोदामात शिल्लक राहतो. म्हणून अर्थतज्ज्ञ उलाढाल नव्हे, तर मूल्यवर्धन, म्हणजे उत्पादनाच्या किमतीतून कच्चा माल वगैरेंचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम, मोजतात. शिवाय बुडालेल्या उत्पादनाचा काही भाग नंतर जादा पाळीत भरून निघतो आणि काही कामे जनरेटरवर चालू राहतात. सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच आहे : ज्या कारखान्याची इमारत वा यंत्रे भूकंपातच निकामी झाली, तो वीज असती तरी बंदच राहिला असता, त्यामुळे त्याचे नुकसान विजेच्या खात्यावर टाकणे म्हणजे एकच रक्कम दोनदा मोजणे होय.

याचा अर्थ खरा आकडा नेहमी लहानच निघेल, असा नाही. औषधाची अर्धवट राहिलेली बॅच किंवा शीतगृहातील माल काही तासांत वाया जाऊ शकतो, आणि पुरवठादार बंद पडल्यास वीज असलेल्या कारखान्यालाही झळ बसते. वीज किती दिवस बंद राहते, यावरही आकडा ठरतो. जपानमधील 1995 च्या कोबे भूकंपात सुमारे 26 लाख ग्राहकांची वीज गेली. ती साधारण आठवड्याभरात परतली, गॅस व पाणीपुरवठा पूर्ववत होण्यास मात्र महिने लागले.

संदेशात दाखला म्हणून दिलेला 12 ऑक्टोबर 2020 चा मुंबई परिसरातील वीजखंड पारेषण यंत्रणेतील (वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब वाहिन्या व उपकेंद्रांतील) बिघाडामुळे झाला होता. त्याचा भूकंपाशी संबंध नव्हता.